समीकरणातील चढ कसा वाचावा

गणित शिकविताना आम्हांस दरवर्षी एक अनुभव येतो. फळ्यावर आम्ही ३०क्ष + १०य = ६०० हे समीकरण लिहितो आणि या रेषेचा चढ किती, असे विचारतो. उत्तर तत्काळ येते, 'तीस!' क्ष चा सहगुणक म्हणजे चढ, हे वाक्य पाठ झालेले असते. मात्र ते कोणत्या रूपातील समीकरणास लागू आहे, हे निसटलेले असते.

प्रथम चढ म्हणजे काय ते पाहू. क्ष ची किंमत एकाने वाढविली असता य ची किंमत जितकी बदलते, तितका त्या रेषेचा चढ. वाढ झाली तर चढ धन, घट झाली तर ऋण. म्हणजे चढ हा य विषयीचा प्रश्न आहे. वरील समीकरणात य एकटा नाही; त्याला १० ने गुणलेले असून शेजारी ३०क्ष उभा आहे. म्हणून आधी य ला मोकळे करावयाचे.

दोन्ही बाजूंतून ३०क्ष वजा केले असता १०य = −३०क्ष + ६०० असे मिळते. आता प्रत्येक पदास १० ने भागू:

य = −३क्ष + ६०

हे चढ-आंतरछेद रूप होय. सामान्यतः ते य = मक्ष + क असे लिहितात. येथे म हा चढ, आणि रेषा य-अक्षास ज्या ठिकाणी छेदते तेथील य ची किंमत म्हणजे क, अर्थात आंतरछेद. आपल्या रेषेचा चढ तीस नसून उणे तीन आहे.

या उणे तीनचा अर्थ काय? समजा, वसतिगृहातील मुलांसाठी वह्या व पेन घेण्यास ६०० रुपये आहेत. एक वही ३० रुपयांस आणि एक पेन १० रुपयांस मिळतो. क्ष वह्या व य पेन घेतले, तर सर्व रक्कम खर्च होण्याची अट म्हणजेच आपले मूळ समीकरण. ते केवळ एकूण हिशेब सांगते. नवे रूप मात्र निवडीची किंमत सांगते. एकही वही न घेतल्यास ६० पेन येतील, हा आंतरछेद. पुढे प्रत्येक वहीमागे तीन पेन सोडावे लागतील, हा चढ. दहा वह्या घेतल्या तर ३० पेन, वीस घेतल्या तर एकही नाही.

रूपांतर करताना दोन चुका वारंवार होतात. पद दुसऱ्या बाजूस नेताना चिन्ह बदलण्याचे राहून जाते, अथवा भागाकार एकाच पदास केला जातो आणि ६०० तसेच राहते. पडताळा सोपा आहे. क्ष = ० व क्ष = १ घेऊन य काढावा. येथे ६० व ५७ येतात. फरक उणे तीन. मूळ समीकरणातही या किमती घालून पाहाव्यात.

याच रूपाने एकसामयिक समीकरणांचे कोडेही सुटते. २क्ष + ३य = १२ आणि ४क्ष + ६य = ३० ही समीकरणे पाहून विद्यार्थी उकल शोधत राहतात. य मोकळा केला की पहिल्यातून य = −(२/३)क्ष + ४ आणि दुसऱ्यातून य = −(२/३)क्ष + ५ मिळते. चढ एकच, आंतरछेद भिन्न. म्हणजे रेषा समांतर. त्या कोठेही भेटत नाहीत, म्हणून उकल नाही. याउलट क्ष = ४ या उभ्या रेषेत य च नाही; तिला या रूपात लिहिता येत नाही आणि तिचा चढही ठरविता येत नाही. य = ५ या आडव्या रेषेचा चढ मात्र शून्य आहे.

हे सारे परीक्षेपुरतेच आहे काय? चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी व्हरांड्यास रॅम्प बांधावयाचा आहे, असे समजा. आपल्या देशातील सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा रॅम्प १ : १२ पेक्षा अधिक चढाचा नसावा. आडवे अंतर क्ष व उंची य मानली, तर या मर्यादेवरील समीकरण क्ष − १२य = ० होते. येथे सहगुणक पाहून कोणी चढ १ म्हणेल, कोणी १२. य मोकळा केला की य = (१/१२)क्ष मिळते: बारा सेंटिमीटर पुढे गेल्यावर एक सेंटिमीटर वर. व्हरांडा ६० सेंटिमीटर उंच असल्यास आडवे अंतर किमान ७२० सेंटिमीटर हवे. जागा वाचवून ते ३०० सेंटिमीटरच ठेवले, तर चढ १/५ होतो. कागदावर तीही एक सरळ रेषाच दिसते; परंतु तीवरून तो विद्यार्थी स्वतःच्या बळावर वर येऊ शकणार नाही.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच, की चढ विचारला असता आधी य ला एकटा करावा, मग क्ष चा सहगुणक चिन्हासह वाचावा आणि शेवटी स्वतःस विचारावे: क्ष एकाने वाढला, तर येथे नेमके काय वाढले अथवा काय घटले? या प्रश्नाचे उत्तर शब्दांत देता आले, तरच चढ समजला असे आम्ही मानतो.