थंडीत गाडी का रुसते?

वाळपईत राहून थंडीविषयी लिहावे, याचे इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या वाचकांना हसू येईल. सत्तरी तालुक्याच्या या मुख्य गावी डिसेंबरात पहाटे फार तर एखादी शाल लागते. तरीही थंडीने गाडी कशी बंद पडते याचा पुरता धडा आम्ही १९९८ च्या हिवाळ्यात घेतला. अर्थात तो घाटावर.

वडिलांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया बेळगावी झाली होती. दर आठवड्यास तपासणीला जावे, रात्री खानापुरास बहिणीकडे मुक्काम करावा आणि पहाटे लोंढा, अनमोड, मोले या वाटेने परतावे, असा क्रम. पहिल्याच फेरीत गुंजीच्या अलीकडे, दाट धुक्यात, गाडी आचके देऊन थांबली. मागच्या आसनावर वडील, डोळ्यावर पट्टी; पाठीमागून येणाऱ्या मालट्रकांचा नुसता आवाज ऐकू येई. ती दहा मिनिटे आम्ही कशी काढली ते आमचे आम्हांस ठाऊक. नंतर किल्ली फिरवताच गाडी मुकाट्याने सुरू! पुढील दोन आठवडे त्याच टापूत हेच घडले. वाळपईत मात्र तिला काही दुखणे नाही. कॉइल बदलली, पॉइंट बदलले, पेट्रोलपंपाचा पडदा बदलला. हलका झाला तो आमचा खिसा. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकानेच काहीतरी बिघडवून ठेवले, असे आम्ही चारचौघांत बोलूही लागलो.

शेवटी गाडी एका माजी विद्यार्थ्याकडे नेली. व्याकरणाच्या तासाला हा खिडकीबाहेरच्या मोटारी मोजत असे आणि आम्ही त्याला वर्गादेखत 'ढ' म्हटले होते. त्याने पान्याला हातही लावला नाही. "सर, सुरू करताच बंद पडते की थोडी चालल्यावर? धुके असते का? थांबल्यावर आपोआप बरी होते?" सुरू होताच बंद पडली असती तर त्याने चोक तपासला असता, मुळीच पेटली नसती तर बॅटरी, किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात साचलेले दव. आमची उत्तरे ऐकून तो म्हणाला, "पुढच्या वेळी थांबताक्षणी एअर क्लीनर काढून आत पाहा. उशीर करू नका."

चौथ्या फेरीत तसे केले. कार्बोरेटरच्या तोंडाशी पांढरे शुभ्र बर्फ! बाहेर गारवा होता, पण पाणी गोठेल असा नव्हे. मग हे आले कोठून? घामेजल्या अंगावर वारा लागला की गार वाटते, तसाच हा प्रकार. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता खेचून घेते; कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात तापमान वीस अंशांनी, कधी त्याहूनही अधिक, उतरते. हवा दमट असली की तिच्यातील बाष्प झडपेवर गोठते, वाट बुजते आणि एंजिन गुदमरते. गाडी थांबल्यावर एंजिनाचीच ऊब वर चढून बर्फ वितळते व पुरावा नाहीसा होतो. म्हणूनच कोरड्या कडाक्यापेक्षा दमट गारवा अधिक दगा देतो. कार्बोरेटरच्या छोट्या विमानांत यासाठी गरम हवा सोडण्याची खास कळ असते. आपल्याकडे २००० सालाच्या सुमारास उत्सर्जनाचे नियम कडक झाले, नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेला आणि हे दुखणेही गेले; बहुतेक नव्या दुचाक्यांतून तो २०२० मध्ये हटला. जुनी गाडी हौसेने जपणाऱ्यांनी मात्र हे ध्यानात ठेवावे.

परत आल्यावर विद्यार्थ्याने बोनेटखाली बोट दाखवून विचारले, "सर, एक्झॉस्टजवळची गरम हवा एअर क्लीनरला आणणारी इथली नळी कुठे गेली?" ती नळी खडखडते म्हणून मे महिन्यात आम्हीच काढून भंगारवाल्यास दिली होती! त्याने पत्र्याची नवी नळी बसवली. त्यानंतर गुंजीला गाडी कधी थांबली नाही.

राहिला तो नेहमीचा मेकॅनिक. त्याच्या दुकानी जाऊन सारे सांगणे आम्हांस फार जड गेले. त्याने ऐकून घेतले, हात पुसले आणि पोऱ्याला दोन चहा आणायला पाठविले.