काळा घोडा फेस्टिव्हलला गाडी घेऊन जायचं का? पार्किंगचं गणित आधी समजून घ्या

जानेवारी संपत आला की इन्स्टावर एकच विषय सुरू होतो. पिवळ्या दिव्यांखाली काढलेले फोटो, रस्त्यात उभी केलेली भलीमोठी इन्स्टॉलेशन्स, हातमागाच्या साड्यांचे स्टॉल आणि खाली कमेंट, "कधी जायचं?"

त्यानंतरचा प्रश्न मात्र कोणी रीलमध्ये टाकत नाही. गाडी कुठे लावायची?

काळा घोडा आर्ट्स फेस्टिव्हल नऊ दिवस चालतो. प्रवेश फुकट आहे. त्यामुळे शनिवार-रविवारी विरारपासून पनवेलपर्यंतचं पब्लिक दक्षिण मुंबईच्या एका छोट्याशा कोपऱ्यात उतरतं. त्यातले बरेच जण कार्यक्रम बघण्याआधीच तासभर फोर्टच्या गल्ल्यांमध्ये गोल गोल फिरतात, चिडतात आणि शेवटी नो पार्किंगच्या पाटीखाली गाडी लावून धडधडत्या छातीने आत शिरतात.

ही अडचण आजची नाही. तिची मुळं जागेच्या इतिहासात आहेत.

ज्या घोड्यावरून या भागाला नाव पडलं, तो १८७९ मध्ये इथे आला. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, १८७५-७६ मध्ये भारतात येऊन गेला. त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा बसवून घेतला. लोकांनी राजपुत्राला फारसं मनावर घेतलं नाही, लक्षात राहिला तो घोडा. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवला आणि तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. रिकाम्या झालेल्या जागेचं काय झालं, तर गाड्या उभ्या राहायला लागल्या. म्हणजे घोडा गेला, नाव राहिलं आणि उरला एक वाहनतळ. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, यावेळी स्वाराशिवाय. तोही याच पार्किंगच्या जागेत उभा राहिला.

आता गंमत बघा. हा वाहनतळ आणि त्याला लागून असलेला रॅम्पार्ट रो, म्हणजेच के. दुभाष मार्ग, हेच फेस्टिव्हलचं मुख्य मैदान आहे. एरवी जिथे गाड्या लागतात तिथेच स्टॉल लागतात. रॅम्पार्ट रो गाड्यांसाठी बंद होतो. म्हणजे गर्दी सगळ्यात जास्त असते त्याच दिवसांत या भागातली पार्किंगची मोठी जागा गायब झालेली असते. गुगल मॅपवर "काळा घोडा पार्किंग" टाकून निघालेला माणूस थेट बॅरिकेडवर जाऊन थडकतो तो याच कारणाने.

आजूबाजूच्या गल्ल्यांची स्थितीही वेगळी नाही. रॅम्पार्ट म्हणजे तटबंदी. इथे इंग्रजांच्या किल्ल्याची भिंत होती, ती १८६० च्या दशकात पाडली गेली. आतले रस्ते बग्गी आणि पायी चालणाऱ्यांच्या काळातले आहेत. आठवड्याच्या दिवसांत पे अँड पार्कच्या जागा ऑफिसवाल्यांनी सकाळीच भरलेल्या असतात. रविवारी ऑफिसं बंद असतात, म्हणून जागा मिळेल असं वाटतं, पण तोच विचार करून अर्धी मुंबई निघालेली असते. लायन गेटच्या बाजूला नौदलाचा परिसर आहे, तिकडे "दोन मिनिटं लावतो" हा प्रयोग करू नका. नो पार्किंगचा दंड डिसेंबर २०२१ पासून पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १,५०० रुपये झालाय. गाडी टो झाली तर तो खर्च वेगळा आणि ती सोडवायला जाणारी संध्याकाळ वेगळी.

"पण आता कोस्टल रोड झालाय ना!"

झालाय. पश्चिम उपनगरातून वरळीमार्गे मरीन ड्राइव्हला पोहोचणं पूर्वीपेक्षा खूप सोपं झालंय. चेंबूरकडून ईस्टर्न फ्री वे आहे, उलवे-पनवेलकडून अटल सेतू आहे. पण या रस्त्यांनी फक्त येण्याचा वेळ कमी केला, उभं राहायची जागा वाढवली नाही. उलट लवकर पोहोचलेल्या गाड्या एकाच वेळी चर्चगेट आणि फोर्टच्या तोंडाशी जमा होतात. आणि बाइकवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला बंदी आहे. तुम्हाला जुन्याच रस्त्याने, सिग्नल मोजत यावं लागेल. पहिल्यांदा मुंबईत येणाऱ्यांसाठी आणखी एक, रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे येत नाही. तिथून टॅक्सी, बस, लोकल किंवा मेट्रो.

मग जायचं कसं?

सगळ्यात मोठा बदल मेट्रो ३ ने केलाय. आरे ते कफ परेड ही भुयारी अॅक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. एकूण २७ स्टेशनं, साधारण ३३.५ किलोमीटर. यातलं हुतात्मा चौक स्टेशन काळा घोड्यासाठीच बांधलंय की काय असं वाटावं इतकं जवळ आहे. बाहेर आलात की महात्मा गांधी रोडने सात-आठ मिनिटं चालायचं. अंधेरी, सांताक्रूझ, बीकेसी किंवा दादरकडून येणार असाल तर दुसरा विचारच करू नका. तिकीट मोबाइलवर काढणार असाल तर भुयारात उतरण्याआधी काढा, खाली नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

लोकलने येणाऱ्यांना दोन रस्ते आहेत आणि दोन्ही फेस्टिव्हलइतकेच बघण्यासारखे आहेत. चर्चगेटला उतरलात तर ओव्हल मैदान ओलांडा. समोर राजाबाई टॉवर, एका हाताला उच्च न्यायालय, एका हाताला विद्यापीठ. पंधरा मिनिटांत पोहोचता. सीएसएमटीहून डी. एन. रोड धरा. तिथल्या जुन्या इमारतींच्या कमानींखालून फुटपाथ जातो, त्यामुळे दुपारीही डोक्यावर सावली असते. वीस मिनिटं धरा. चालायचं नसेल तर सीएसएमटीहून कुलाब्याच्या दिशेने जाणाऱ्या बेस्टच्या बस आहेत, कमीत कमी तिकीट साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये.

फक्त रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक बघा. मध्य आणि हार्बरवाल्यांना हे सांगायची गरज नाही, पण फेस्टिव्हलच्या उत्साहात नेमकं तेवढंच विसरलं जातं. ब्लॉक साधारण सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारपर्यंत चालतो. हार्बरवर बऱ्याचदा सीएसएमटीकडची वाहतूकच बंद असते. एकतर त्याच्या आधी पोहोचा, नाहीतर चार-पाचनंतर निघा.

सगळे कार्यक्रम रॅम्पार्ट रोवरच असतात असंही नाही. साहित्याचे कार्यक्रम डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेत होतात, काही वस्तुसंग्रहालयात आणि जहांगीरच्या आसपास. यशवंतराव चव्हाण सेंटरला काही असेल तर विधान भवन मेट्रो स्टेशन जवळ पडतं. हॉर्निमन सर्कलला जायचं असेल तर पुन्हा हुतात्मा चौकच. वेळापत्रक बघताना ठिकाणही बघा, नाहीतर या टोकाकडून त्या टोकाला गर्दीतून पळत सुटावं लागतं.

तरीही गाडी हवीच असेल तर?

आजी-आजोबा सोबत आहेत, कडेवर लहान मूल आहे, व्हीलचेअर आहे, अशावेळी "लोकलने या" हा सल्ला देणारा माणूस बहुतेक एकटाच फिरत असतो. यांच्यासाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे टॅक्सी. अॅपमध्ये "काळा घोडा" टाकू नका, ड्रायव्हर बंद रस्त्यापाशी अडकेल. वस्तुसंग्रहालयाच्या बाजूने जायचं असेल तर रिगल सिनेमाचा चौक टाका, दुसऱ्या बाजूने हुतात्मा चौक. दोन्हीकडून पुढचं अंतर थोडं आहे. व्हीलचेअर असेल तर शनिवार-रविवारची संध्याकाळ शक्यतो टाळाच. रॅम्पार्ट रोवर तेव्हा पाय ठेवायला जागा नसते आणि गर्दीत अडकलं की मागेही फिरता येत नाही. मंगळवार-बुधवारची दुपार निवांत मिळते, स्टॉलवाले बोलायलाही मोकळे असतात.

स्वतःचीच गाडी आणायची असेल तर ती शहराच्या टोकापर्यंत न आणता मध्येच ठेवणं हा मार्ग मला सगळ्यात पटतो. दादरला कोहिनूर स्क्वेअरमध्ये पालिकेचा सार्वजनिक वाहनतळ आहे. तिथे गाडी लावायची आणि पुढे मेट्रो पकडायची. आपापल्या स्टेशनजवळच्या पे अँड पार्कमध्ये बाइक लावून येणारे तर हे रोजच करतात.

पार्किंग गेलं म्हणून दरवर्षी तक्रारी होतात, त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. या भागात रोज काम करणाऱ्यांचे, दुकानदारांचे नऊ दिवस हाल होतात. पण १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन सुरू झाली ती या जुन्या परिसराच्या जतनासाठी आणि १९९९ पासूनचा हा फेस्टिव्हल त्याच कामाचा भाग आहे. एरवी गाड्यांच्या मागे दडलेल्या इमारती या नऊ दिवसांत रस्त्याच्या मधोमध उभं राहून बघता येतात. तेवढ्यासाठी तरी गाड्या बाजूला गेलेल्या मला चालतात.

परतीचंही आधीच ठरवून ठेवा. उघड्यावरचे लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात, त्यामुळे मोठा कार्यक्रम संपला की सगळी गर्दी एकदम बाहेर पडते. मेट्रोची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास असते, म्हणजे शेवटचं गाणं ऐकून, वडापाव खाऊन, सेल्फी काढून ती मिळेलच असं नाही. लोकल मध्यरात्रीपर्यंत असतात, पण कसारा-कर्जतवाल्यांनी आपली शेवटची गाडी दुपारीच बघून ठेवा. कॅब मागवणार असाल तर गर्दीतून बाहेर पडून चर्चगेटच्या दिशेने थोडं चालत या आणि मग बुक करा. फेस्टिव्हलच्या दारात उभं राहून बुक केलेली कॅब "दोन मिनिटं" दाखवत अर्धा तास तिथेच फिरत राहते.