पाण्याचा हिशेब शिकवणारी पदवी

बारावीनंतर अभियांत्रिकीचा प्रवेश अर्ज भरताना नांदेड जिल्ह्यातल्या भोकर, मुदखेड किंवा उमरीकडच्या घरांत पहिली पसंती बहुधा संगणक शाखेला मिळते. स्थापत्य शाखा यादीत खाली जाते आणि तिच्या पोटात असलेला जलसंपदा अभियांत्रिकी हा विषय तर फारसा कुणाच्या ध्यानातही येत नाही. ज्या मराठवाड्यात प्रत्येक निवडणूक, प्रत्येक उन्हाळा आणि प्रत्येक पेरणी पाण्याभोवती फिरते, तिथे ही उपेक्षा महागात पडणारी आहे. पाण्याचे शास्त्र पदवीच्या चार वर्षांतच नीट शिकवले गेले पाहिजे. त्यात धरण कसे बांधावे याच्या बरोबरीने पाणी कसे मोजावे आणि कसे वाटावे यालाही स्थान हवे.

हा विषय कळायला अवघड नाही. जलविज्ञान सांगते की पडलेल्या पावसापैकी किती जमिनीत मुरते, किती वाफ होऊन जाते आणि किती ओढ्या-नाल्यांनी वाहते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी येते. म्हणजे 100 मिलिमीटर पावसात त्याच हेक्टरवर दहा लाख लिटर. नदी, कालवा, नळ आणि पंप यांतून हे पाणी कसे वाहते ते द्रवगतिकी शिकवते. पिकाला ते केव्हा आणि किती द्यायचे याचे उत्तर सिंचनशास्त्रात मिळते. या सर्वांच्या मुळाशी संभाव्यतेचे गणित आहे. आपल्याकडे सिंचन प्रकल्पांची आखणी साधारणपणे 75 टक्के विश्वासार्हतेचा येवा धरून होते. याचा सरळ अर्थ असा की शंभरपैकी सुमारे पंचवीस वर्षे धरणात अपेक्षेपेक्षा कमी पाणी येईल हे बांधण्याआधीच गृहीत धरलेले असते. ही एक गोष्ट गावोगाव नीट कळली असती, तर कोरड्या वर्षाला आपण अनपेक्षित संकट म्हटले नसते. त्याची तयारी आधीच केली असती.

हे शिकण्यासाठी भोकरइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. शहराला पाणी देणारा रेणापूरचा सुधा प्रकल्प तालुक्यातच आहे. त्याच सुधेचे पाणी पुढे तेलंगणात जाते आणि तिथे भैंशाजवळ तिच्यावर दुसरा प्रकल्प उभा आहे, म्हणजे एका लहान नदीतही दोन राज्यांचा हिशेब दडलेला आहे. नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीचे पाणी उचलून शेतीला देणारी मोठी उपसा सिंचन योजना आहे, तिच्याच जलाशयावर नांदेड शहराची तहान भागते. धर्माबाद तालुक्यातला गोदावरीवरचा बाभळी बंधारा तर कायद्याचा धडाच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर या काळात त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात आणि दर 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली तेलंगणात सोडावे लागते. जमिनीखालची स्थितीही एकसारखी नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेला काळा पाषाण, तर देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट. म्हणून एका गावातला पाझर तलावाचा आराखडा दुसऱ्या गावात तसाच चालत नाही.

हिशेब नसल्याची किंमत लातूरने मोजली आहे. मांजरा धरण आटले आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याआधी पाऊस कमी झाला होता हे खरेच. पण त्याच खोऱ्यात उसाचा मोठा पसारा आहे, आणि पिण्यासाठी किती राखायचे, शेतीला किती सोडायचे, दोन कोरडी वर्षे लागोपाठ आली तर काय करायचे, हे प्रश्न धरण भरलेले असतानाच सोडवायचे असतात.

यावर पहिला आक्षेप नोकरीचा. इतक्या अरुंद विषयात पदवी घेऊन पुढे काय, असे पालक विचारतात. म्हणून पदवी स्थापत्य शाखेचीच असावी, मात्र त्यात पाण्याचे विषय भक्कम असावेत. जलसंपदा आणि मृद व जलसंधारण विभाग, नगरपालिकांच्या पाणीपुरवठा योजना, 2019 चे जल जीवन मिशन, उपग्रहाच्या नकाशांवरून पाणलोट मोजणाऱ्या संस्था, या सगळ्यांना असा माणूस लागतो. संगणकाची आवड असलेल्या मुलालाही पुराचा अंदाज आणि कालव्यांचे नियंत्रण हे मोठे क्षेत्र खुले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाणी कुणाला मिळणार हे राजकारण ठरवते, अभियंता काय करणार? यात तथ्य आहे, पण अर्धेच. 1883 साली पुण्यातून पदवी घेतलेले अभियंते विश्वेश्वरय्या यांनी खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांबरोबरच कालव्याचे पाणी अधिक शेतकऱ्यांत वाटणारी ब्लॉक पद्धतही दिली. जायकवाडी धरणासाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद आज 15 ऑक्टोबरचा साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी आहे की नाही या आकड्यावर येऊन थांबतो. नियम आकड्यांवर उभा राहिला की रेटारेटीला मर्यादा पडते, आणि ते आकडे विश्वासाने मांडू शकणारा माणूस आपल्या बाजूला हवा. मराठवाड्याचा सिंचनाचा अनुशेष खरा आहे, त्यासाठी बांधकामही व्हायला हवे. पण बांधलेल्या कालव्याचे पाणी शेवटच्या चारीपर्यंत पोहोचले नाही, तर अनुशेष फक्त कागदावर भरतो.

म्हणून विष्णुपुरीची श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था असो की लातूरची महाविद्यालये, त्यांनी अंतिम वर्षाच्या प्रत्येक गटाला आपापल्या तालुक्यातल्या एका तलावाचा वर्षभराचा जमाखर्च मांडायला लावावा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. भोकरच्या विद्यार्थ्यांनी या विषयाकडे दुय्यम पर्याय म्हणून पाहू नये. आपल्या भागाला पुढची कित्येक दशके ज्या अभियंत्याची गरज लागणार आहे, तो याच वर्गातून घडेल.