विश्लेषण : ‘एक्स’वर नाराज असलेले ‘मास्टोडॉन’वर का टिकत नाहीत?

समाजमाध्यम कंपनीने एखादे गाजलेले खाते बंद केले, नियम बदलले किंवा तिचा मालकच बदलला की ‘चला, दुसरीकडे जाऊ’ अशी हाक उठते. हाक देणारे जातातही; पण काही आठवड्यांत त्यातले बरेच जण जुन्याच ठिकाणी पुन्हा लिहिताना दिसतात. कोणा एकाची मालकी नसलेली विकेंद्रित समाजमाध्यमे या नाराजीतून मोठी का होत नाहीत?

‘विकेंद्रित’ म्हणजे काय?

‘फेसबुक’ किंवा ‘एक्स’वरील सारी खाती एकाच कंपनीच्या ताब्यात असतात. जर्मन प्रोग्रामर ऑयगेन रोखको यांनी २०१६ मध्ये आणलेले ‘मास्टोडॉन’ ही अशी एक जागा नाही, ते सॉफ्टवेअर आहे. ते कोणीही आपल्या सर्व्हरवर बसवून स्वतःचे छोटे समाजमाध्यम सुरू करू शकतो. असे हजारो सर्व्हर आहेत. प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे. मात्र ‘ॲक्टिव्हिटीपब’ या सामाईक तांत्रिक नियमावलीमुळे (वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने तिला २०१८ मध्ये मान्यता दिली) ते एकमेकांशी बोलू शकतात. जीमेलवरून याहूच्या पत्त्यावर पत्र जाते, तसेच. सॉफ्टवेअर खुले असल्याने कोणालाही वापरता येते. डोनाल्ड ट्रम्प यांचे ‘ट्रुथ सोशल’ही याच सॉफ्टवेअरवर उभे राहिले, पण इतर सर्व्हरशी न जोडता.

भारतात हे कधी घडले?

नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते तेव्हाच्या ट्विटरने बंद केले. नाझी सलामी देणाऱ्या गर्दीत हाताची घडी घालून उभ्या असलेल्या माणसाचे प्रसिद्ध छायाचित्र त्यांनी खात्यावर लावले होते. त्याच्या निषेधार्थ अनेक भारतीयांनी मास्टोडॉनवर खाती उघडली, नवे पत्ते ट्विटरवरच जाहीर केले. पण ट्विटर सोडले फारच थोड्यांनी. मंत्री, पोलीस, रेल्वे, वृत्तवाहिन्या सारे तिथेच होते. अडकलेल्या गाडीची तक्रार करायची तर ती रेल्वे जिथे ऐकते तिथेच करावी लागते.

इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर ताब्यात घेतले तेव्हा हाच प्रकार जागतिक पातळीवर झाला. रोखको यांनी दिलेल्या माहितीनुसार मास्टोडॉनचे महिन्यातून एकदा तरी येणारे वापरकर्ते सुमारे ३ लाखांवरून नोव्हेंबरमध्ये २५ लाखांवर गेले. जानेवारीत ते १८ लाखांच्या आसपास उतरले होते.

नेमके अडते कुठे?

पहिल्याच पायरीवर. ‘कोणत्या सर्व्हरवर खाते उघडणार?’ हा प्रश्न नवख्याला पडतो आणि त्याचे उत्तर देण्याइतकी माहिती त्याच्याकडे नसते. ईमेलचे उदाहरण समर्थक नेहमी देतात, पण ते त्यांच्यावरच उलटते. आपल्यापैकी कितीजणांनी ईमेल सेवा तुलना करून निवडली? बहुतेकांचे जीमेल फोनबरोबरच आले. मास्टोडॉननेही मे २०२३ मध्ये आपल्या ॲपमधील नोंदणीला ‘मास्टोडॉन डॉट सोशल’ हा स्वतःचाच सर्व्हर पुढे केला. सोय झाली, पण नव्यांची गर्दी पुन्हा एकाच ठिकाणी वळली.

खाते उघडल्यावर पान रिकामे दिसते. काय वाचावे हे ठरवणारे अल्गोरिदम इथे नाही. तुम्ही ज्यांना अनुसरता तेच, वेळेच्या क्रमाने. हे तत्त्व म्हणून उत्तमच, पण ओळखीचे कोणी नसलेल्यासाठी तो शुकशुकाट असतो. शोधही अपुरा होता. झुंडीने कोणाला शोधून छळू नये म्हणून पोस्टमधील मजकुराचा सर्वसाधारण शोध मुद्दामच ठेवला नव्हता. तो सप्टेंबर २०२३ मध्ये आला, तोही लेखकाने संमती दिलेल्या पोस्टपुरता. म्हणजे ज्याला आपण त्रुटी म्हणतो ते बऱ्याचदा जुन्या रहिवाशांनी विचारपूर्वक घेतलेले निर्णय होते. त्यांना शांत वस्ती हवी होती, आणि नव्यांना बाजारपेठ.

‘मेटा’ने जुलै २०२३ मध्ये आणलेल्या ‘थ्रेड्स’कडे पाहिले की फरक कळतो. इन्स्टाग्रामच्याच खात्याने प्रवेश, तिथली ओळखीची मंडळी सोबत. पाच दिवसांत १० कोटी खाती.

सर्व्हर चालवतो कोण?

बहुधा एखादा हौशी माणूस किंवा छोटा गट, देणग्यांवर. भाडे भरायचे, बिघाड काढायचा, शिवीगाळ आणि अश्लील मजकूर हटवायचा, हे सारे नोकरी सांभाळून. तो थकला तर सर्व्हर बंद होतो. कधी कारण बाहेरचे असते. ‘क्विअर डॉट एएफ’ या सर्व्हरच्या पत्त्यातील ‘एएफ’ हे अफगाणिस्तानचे आद्याक्षर. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारने तो पत्ताच स्थगित केला. दुसऱ्या सर्व्हरवर मुक्काम हलवता येतो, अनुयायीही सोबत येतात, पण जुन्या पोस्ट येत नाहीत. आणि मूळ सर्व्हर अचानक गेला तर हलवण्याची संधीही राहत नाही. कंपनीच्या मर्जीपासून सुटका मिळते, ती अनोळखी स्वयंसेवकाच्या सवडीवर अवलंबून राहून. पत्रकार किंवा लेखकाचा वर्षानुवर्षे जमवलेला वाचक पणाला लागतो तेव्हा ही किंमत लहान नाही.

मग ‘ब्लूस्काय’चे काय?

ट्विटरनेच २०१९ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे स्वतंत्र कंपनी झालेल्या या उपक्रमाने सर्व्हरचा प्रश्न पडद्याआड ठेवला. नोंदणी केली की कंपनीच्याच सर्व्हरवर खाते तयार होते, दिसायलाही ते जुन्या ट्विटरसारखे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ब्राझीलने ‘एक्स’वर बंदी घातली तेव्हा आणि पुढे अमेरिकी निवडणुकीनंतर तिथे लोंढे आले, नोव्हेंबरमध्ये २ कोटी खात्यांचा टप्पा ओलांडला गेला.

खाते दुसरीकडे हलवण्याची सोय ब्लूस्कायच्या रचनेत आहे, पण बहुसंख्य खाती कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. मास्टोडॉन देणग्यांवर चालते. ब्लूस्कायने मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये दीड कोटी डॉलरचे भांडवल उभारले. त्यातील प्रमुख गुंतवणूकदार ‘ब्लॉकचेन कॅपिटल’ आहे. पैसे मिळवण्यासाठी सशुल्क सदस्यत्व आणण्याचा मानस कंपनीने तेव्हाच जाहीर केला होता.