मराठवाड्याचे खत, समुद्राची घुसमट

लातूरपासून बंगालचा उपसागर शेकडो किलोमीटर दूर. तरी लातूरच्या शिवारातले पाणी अखेर तिकडेच जाते. मांजरा नदी बीड-लातूर सोडून कर्नाटक-तेलंगणात शिरते, मोठा वळसा घेते आणि नांदेडच्या सीमेजवळ कंदकुर्तीला गोदावरीत मिसळते. वाटेतली धरणे थोडा गाळ, थोडे खत अडवतात. उरलेले आंध्रच्या किनाऱ्याला लागते.

युरियात ४६ टक्के नत्र असते. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेट होऊन पाण्यात विरघळते आणि पावसाबरोबर निघून जाते. स्फुरदाची तऱ्हा वेगळी. ते काळ्या मातीच्या कणांना घट्ट चिकटते. माती वाहिली की तेही वाहते. म्हणून उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी, धड राखलेले बांध यांनी शेताइतकीच नदीही सांभाळली जाते. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र पिकाला मिळवून देतात. तिथे गरजेपेक्षा जास्त युरिया टाकण्यात शेतकऱ्याचाही तोटाच आहे.

हे खत पाण्यात शेवाळाला मिळते. शेवाळ फोफावते, मरते, तळाला बसते. ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. पंचवीस अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. तो दोनच्या खाली गेला की मासे पळतात. शिंपल्यांना पळता येत नाही, ते मरतात.

पण नुसत्या शेवाळाने समुद्र घुसमटत नाही. नद्यांचे गोडे पाणी हलके असते, ते खाऱ्या पाण्यावर तरंगते, आणि कढईवर झाकण ठेवावे तसे वरची हवा खाली जाऊ देत नाही. बंगालच्या उपसागरात हे झाकण विशेष घट्ट आहे. तिथल्या मधल्या खोलीवरचे पाणी मुळातच प्राणवायूला पारखे आहे. तो दोष आपल्या खतांचा नाही. मात्र २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथे प्राणवायूचा अगदी पुसट अंश शिल्लक आढळला. समुद्रातले नत्र वायू होऊन उडून जाण्याची क्रिया तेवढ्या अंशाने रोखून धरली आहे. इतक्या काठावरच्या समुद्रात आपण आणखी खत सोडावे, हे मला भयावह वाटते.

प्राणवायू आटण्याची हीच गोष्ट नांदेडला घाटावरही घडते. शहराचे नाले गोदावरीत उतरतात, उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, जलपर्णी पसरते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री स्वतःच तो ओढून घेते. म्हणून मासे तोंड वर काढतात ते पहाटे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची मागणी होते, ती रास्तच आहे. पण साध्या पद्धतीचे केंद्र कुजणारी घाण कमी करते. नत्र आणि स्फुरद बऱ्याच अंशी तसेच पुढे जातात. नदी-तलावांत शेवाळाला बहुधा स्फुरद कमी पडते, समुद्रात नत्र. नुसते स्फुरद काढले तर नांदेडची नदी निवळेल, पण न वापरलेले नत्र घेऊन ती समुद्राकडे जाईल. दोन्ही काढणारी यंत्रणा महाग आहे. तरीही नव्या केंद्रांच्या निविदांत ती अट आजच घालायला हवी.