मंदिराच्या अंगणातून ब्रॉडवेवर

१९०६ साली डच सैन्य बालीतल्या बडुंगवर चालून गेलं, तेव्हा राजघराणं शुभ्र वस्त्रं नेसून बंदुकांसमोर गेलं आणि मृत्यूला सामोरं गेलं. दोन वर्षांनी क्लुंगकुंगला तेच घडलं. पुढे १९३१ मध्ये याच डचांनी पॅरिसच्या वसाहती प्रदर्शनात पेलियातान गावचे नर्तक-वादक नेले, आपल्या साम्राज्याचं वैभव म्हणून. बालीच्या कलेच्या परदेशगमनाची कहाणी सांगताना हा संदर्भ सोडून चालणार नाही.

पॅरिसमध्ये तो प्रयोग फ्रेंच रंगकर्मी अंतोनँ आर्तोने पाहिला. गरगर फिरणारे डोळे, थरथरती बोटं आणि अचानक थांबणारी शरीरं पाहून तो झपाटला. शब्दांच्या ओझ्यातून मोकळ्या झालेल्या रंगभूमीची कल्पना त्याने याच आधारावर मांडली. युरोपच्या नाटकाला त्यातून खूप मिळालं. पण कथा, भाषा, विधी यांतलं त्याला फारसं काही ठाऊक नव्हतं. त्याने आपल्याला हवं ते बाली पाहिलं, असंच मला वाटतं.

परदेशी कानाला गामेलान हा बालीचा वाद्यवृंद का भुलवतो, हे वाद्यांजवळ बसल्यावर कळतं. गांसा या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यात उजव्या हाताने हातोडी मारायची आणि पुढची पट्टी वाजवताना डाव्या हाताने आधीची दाबून गप्प करायची. एक वादक ‘पोलोस’ वाजवतो, दुसरा त्याच्या मोकळ्या जागांत ‘सांगसिह’ भरतो. दोघांच्या गुंफणीतून एकट्याला कधीच न जमणारा वेग निघतो. या गुंफणीचं नाव कोतेकान. शिवाय जोडीतल्या वाद्यांपैकी एक मुद्दाम किंचित चढं लावतात, त्यामुळे स्वर थरथरत राहतो. प्रत्येक संचाचे स्वर वेगळे, म्हणून एका संचातलं वाद्य दुसऱ्यात बसत नाही. दौऱ्यावर जायचं तर अख्खा संच न्यावा लागतो.

कॅनडाचे संगीतकार कॉलिन मॅकफी ध्वनिमुद्रिका ऐकून बालीला गेले, तिथे घर बांधून राहिले आणि १९३६ मध्ये ‘ताबुह-ताबुहान’ ही वाद्यवृंदरचना केली. त्यांनी आश्रय दिलेला साम्पिह हा मुलगा पुढे नामांकित नर्तक झाला.

१९५२ मध्ये इंग्रज जॉन कोस्ट पेलियातानचा संच अमेरिकेला आणि युरोपला घेऊन गेले. वाद्यवृंदाचे प्रमुख होते अनाक आगुंग गदे मांदेरा. ब्रॉडवेच्या प्रेक्षकासाठी लेगोंग हे लांब नृत्य आखूड करावं लागलं. पण या दौऱ्यासाठी नवं काही हवं म्हणून ज्येष्ठ नर्तक मारिओ यांनी ‘ओलेग तामुलिलिंगान’ रचलं: फुलांत मध टिपणारी भुंग्यांची जोडी. कोवळ्या वयातली नर्तिका राका आणि साम्पिह यांनी ते नाचून दाखवलं. परदेशासाठी केलेली ही रचना आज बालीच्या स्वतःच्या परंपरेचा भाग आहे. परक्यांसमोर कला नेली की ती बाटते, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ‘ओलेग’ एकदा नीट पाहावं.

धोका मात्र खरा होता. मंदिरातल्या देवतांचं स्वागत करणारा पेंडेट पर्यटकांच्या स्वागताला वापरला जाऊ लागला, तेव्हा लोक अस्वस्थ झाले. मग त्या कामासाठी ‘पान्येम्ब्रामा’ हे वेगळं नृत्य रचलं गेलं. १९७१ मध्ये देनपासारला चर्चासत्र भरलं आणि नृत्यांची तीन गटांत विभागणी झाली: वाली म्हणजे विधीचं, बेबाली म्हणजे विधीसोबतचं, बालिह-बालिहान म्हणजे रंजनाचं. प्रत्यक्षात या सीमा इतक्या रेखीव नाहीत, पण काय दाखवायचं आणि काय नाही हे बालीच्या लोकांनीच ठरवलं, याचं मोल मोठं. २०१५ मध्ये युनेस्कोने याच तीन गटांतली नऊ नृत्यं आपल्या वारसायादीत घेतली.

सगळ्यांत खोलवरची पोच मात्र शिकवण्यातून झाली. बालीत गुरू मुलीच्या मागे उभा राहून तिची मनगटं धरतो आणि आपल्या अंगाची चाल तिच्या अंगात उतरवतो. हेच शिक्षण कॅलिफोर्नियात गेलं. १९७९ मध्ये बालीचे वायान सुवेचा, मायकेल टेन्झर आणि रेचेल कूपर यांनी गामेलान सेकार जाया या संचाची स्थापना केली. तिथे बालीहून गुरू येऊन राहतात आणि स्थानिक माणसं हातोडी धरायला शिकतात. तासाभराचा कार्यक्रम पाहून टाळ्या वाजवणारा प्रेक्षक आणि सांगसिहची जागा चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा विद्यार्थी, यांत मला दुसरा अधिक जवळचा वाटतो. १९८५ मध्ये हा संच बालीला गेला आणि ज्यांच्या अंगणात ही कला जन्मली, त्यांच्यासमोर बसून त्याने वादन केलं.