बॅले: शब्दांविना गोष्ट आणि हलक्या पायांचं जड काम

तालुक्याच्या नाट्यगृहात मोठ्या पडद्यावर ‘जिझेल’ हा बॅले दाखवला, तेव्हा आमच्या बचत गटातल्या बाराजणी पाहायला गेलो होतो. परतताना जीपमध्ये दोनच प्रश्न चालले होते. यात कुणी तोंडानं बोलत का नाही? आणि या बाया पायाच्या बोटांवर उभ्या राहतात कशा? त्याबद्दल आज बोलू या.

बॅले म्हणजे वाद्यांच्या संगीतावर नाचून सांगितलेली गोष्ट. शब्द नसतात, पण खुणा ठरलेल्या असतात. अंगठीच्या बोटाकडे खूण केली की लग्नाचं वचन. डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले की ‘चला, नाचू या’. मनगटं एकावर एक ठेवून मुठी खाली नेल्या की मरण. एवढ्या तीन खुणा कळल्या तरी गोष्ट बरीच उलगडते.

‘जिझेल’ पहिल्यांदा १८४१ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आला. गोष्ट द्राक्षं काढणाऱ्या गावातली. जिझेल गरीब घरची, नाचाची वेडी, पण काळजानं नाजूक. सरदार घराण्यातला आल्ब्रेख्त साधे कपडे घालून गावात येतो आणि तिला प्रेमाच्या शपथा देतो. त्याचं लग्न आधीच दुसरीकडे ठरलेलं असतं. ते उघड झाल्यावर जिझेलचं भान हरपतं आणि ती मरते. दुसऱ्या अंकात रात्रीचं रान. लग्नाआधी मेलेल्या मुलींची भुतं तिथं पुरुषांना मरेपर्यंत नाचवतात. जिझेल मात्र पहाटेपर्यंत आल्ब्रेख्तला सांभाळून वाचवते. त्याला वाचवायला नको होतं, असं आमच्यातल्या निम्म्याजणींचं मत पडलं!

आता पायांचं. त्या बुटाच्या टोकात लाकूड नसतं. कापड, कागद आणि गोंद यांचे थर देऊन ते कडक करतात. मोठ्या खेळात एक जोड एका रात्रीत संपू शकतो. नाचणारी मुलगी लहानपणापासून शिकते, आणि नामांकित झाली तरी रोज दांडीला धरून तोच सराव करते. आपल्याला दिसतं ते फुलपाखरू. आत घोटे ठणकत असतात.

या हलकेपणाची फार मोठी किंमत एका मुलीनं दिली. पॅरिसची एमा लिव्री. तेव्हा रंगमंचावर गॅसचे दिवे असत. झगा लवकर पेटू नये म्हणून कापडाला लावायचं औषध निघालं होतं, पण त्यानं झगा कडक आणि मळकट दिसे. लिव्रीनं तो घालायला नकार दिला. १८६२ साली तालमीत तिचा झगा दिव्यावर पेटला. आठ महिने सोसून ती गेली. वय अवघं २० वर्षं.

मैत्रिणींनो, चांगलं दिसावं किंवा काम अडू नये म्हणून आपणही जपणुकीची वस्तू बाजूला ठेवतो. मिरची कांडताना तोंडाला फडकं नको वाटतं. गिरणीच्या पट्ट्याजवळ पदर मोकळा राहतो. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं आपल्या यंत्राजवळ उभं राहून एवढंच पाहावं: पदर खोचलाय का, फडकं बांधलंय का, पट्ट्यावर जाळी आहे का. नसेल तर जाळीचा खर्च त्याच दिवशी ठरावात लिहावा.